हिंजवडीला जाण्याआधी

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या पगाराची माणसं रोज लिहितात, असं एका व्हिडिओत ऐकलं.

आमच्या चाकणच्या कंपनीत वेल्डिंग लाइनवर आज रोबो आला. पिवळा, एकाच हाताचा, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मला त्याची भीती वगैरे वाटली नाही. फक्त डबा खाववला नाही. चपात्या तशाच परत आल्या तेव्हा बायकोने, वर्षालीने, कारण विचारलं. कंपनीत कुणाचा तरी वाढदिवस होता म्हणून सांगितलं.

प्लांट इंजिनिअर अजिंक्य सरांनी मीटिंग घेतली. दिवाळीनंतर लाइनवर चौघेच राहणार. बाकीच्यांना गुजरातच्या नव्या प्लांटला पाठवणार. कॉम्प्युटरचं काही शिकलेलं असेल त्याचा इथे आधी विचार करू म्हणाले. घरी बोललो नाही. योगिनीचं दहावीचं वर्ष. पोरीला उगाच कशाला टेन्शन.

९ सप्टेंबर, कंपनी बसमध्ये
मार्ग सापडला! ऑनलाइन डिग्री. घरबसल्या शिका, लठ्ठ पगार घ्या. मोबाइलवर सगळी यादीच आली.
सायबर सिक्युरिटी: नको. चोरांशी संबंध.
डिजिटल मार्केटिंग: नको. लोकांच्या मागे लागावं लागतं.
डेटा अ‍ॅनालिस्ट: बसून काम, एसी, हिंजवडी. हे आपलं.

दुपारी त्या ऑनलाइन युनिव्हर्सिटीच्या स्वरूपा मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, ज्योतीराम सर, तुमच्यात लीडरशिप दिसते. फोनवरून कशी दिसली कोण जाणे, पण दिसली. इतक्या वर्षांत कंपनीत मला कुणी सर म्हटलेलं नाही. लगेच अ‍ॅडमिशन घेतली.

लाइनवर माझ्या शेजारी वेल्डिंग करणाऱ्या दत्तोबाला सांगितलं. तो चाकणचाच, घरची जमीन, त्याला कसली चिंता? म्हणाला, आरं, त्या रोबोला काय डिग्री दाखवून हाकलणार हायेस व्हय? अडाणी माणूस.

१५ सप्टेंबर, सोमवार
अभ्यास जोरात. मोशीला ट्रॅफिक जाम, त्यामुळे बसमध्येच अख्खं लेक्चर झालं. सुरुवातीची पाच मिनिटं उत्तम समजली. मग कंपनीच्या गेटवर दत्तोबाने हलवून उठवलं. झोपेतही मेंदू ऐकत असतो, असं वाचलंय.

२२ सप्टेंबर, सोमवार
रोबो सुरू झाला. त्याला एक काचेचा गोल डोळा आहे. त्या कॅमेऱ्यातून तो जॉब, म्हणजे जोडायचा पार्ट, बघतो आणि मग वेल्ड मारतो. पहिलाच वेल्ड मारला. माझ्यापेक्षा सरळ.
 नळावर जाऊन तोंड धुतलं, परत आलो, तर पठ्ठ्याचे चार जॉब उरकलेले.
असो. मला काय त्याचं? मी हिंजवडीला जाणार.
युनिव्हर्सिटीचा मेल आला. पहिल्या टप्प्याचा पेपर चार ऑक्टोबरला, घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. त्याचं सर्टिफिकेट दिवाळीच्या आत. आदल्या दिवशी कॅमेरा तपासून घ्या, असंही लिहिलंय. त्यात काय तपासायचं? लॅपटॉपमध्येच तर आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
दत्तोबाच्या बायकोने गुजरातचं सगळं वर्षालीला सांगितलं. या बायकांच्या पोटात काही राहत नाही.
वर्षाली म्हणाली, अहो, हिंजवडीला जायचं तर जा, पण आधी खरं सांगा, घाबरलात का? मी म्हटलं, घाबरणं माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, मग पंधरा दिवस डबा का परत येतोय? मी अभ्यासाला बसलो. उत्तर देण्यापेक्षा ते सोपं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज फक्त पूजा, मग सोमवारपर्यंत प्लांट बंद. मशिनं धुऊन पुसून सगळीकडे झेंडूचे हार. रोबोला कुंकू लावायला मात्र कुणी पुढे होईना. त्याच्याजवळ जायचंच प्रत्येकाच्या जिवावर आलेलं. अजिंक्य सर म्हणाले, ज्योतीराम, तुम्ही सीनिअर, तुम्ही लावा.
कपाळ कुठे शोधायचं त्याला? अगदी वर, मधोमध, ती गोल काच दिसली. तिथेच हळदकुंकू लावलं. पाण्यात चांगलं कालवून, दाट. मनात म्हटलं, बाबा रे, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस. हे इथे लिहायला हरकत नाही. वाचणार कोण?

२ ऑक्टोबर, दसरा
घरी लॅपटॉपची पूजा. स्क्रीनच्या वर मधोमध टिकलीएवढा गोल आहे. जणू कुंकवासाठीच सोडलाय. लावलं.
पूजेतल्या वस्तूला आज हात लावायचा नसतो, म्हणून अभ्यास बंद. उद्याही बंद ठेवीन म्हणतो. मांडलेली पूजा मोडवत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
नवा शर्ट घालून अकराला बसलो. लॅपटॉपवर सूचना आली, चेहरा दिसत नाही. मी पुढे सरकलो. पुन्हा तेच. ट्यूब लावली, चष्मा काढला, नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकलो. तिसऱ्या सूचनेला पेपर बंद. पुढची संधी मार्चमध्ये.
नेटवर्कला शिव्या घालत होतो तोवर वर्षाली आली. तिने एकदा बघितलं आणि पदराने तो वरचा गोल पुसला. स्क्रीनवर माझा चेहरा उमटला. इतका घाबरलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.
मग तिला सगळं सांगितलं. रोज सकाळी गेटजवळ आलो की परत फिरावंसं वाटतं, हेही. ती जवळ बसून राहिली. चहा घेताना एकदम आठवलं, त्या रोबोचाही डोळाच तो! चहा तसाच निवला.

६ ऑक्टोबर, सोमवार
बस मोशीला अडकली, पोहोचायला उशीर झाला. रोबो हात वर करून थिजलेला, गळ्यात सुकलेला हार. आज कस्टमर ट्रायल बघायला आलेले. रोबो बसवणारा इंजिनिअर घामाघूम होऊन सॉफ्टवेअर तपासत होता. अजिंक्य सर पांढरेफटक.
कुंकू मी लावलं हे अख्ख्या प्लांटने पाहिलेलं, फक्त ते डोळ्यावरच बसलंय हे अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं तर गुजरात नाही, थेट घरचा रस्ता. रुमाल ओला केला, हार सारखा करायचं निमित्त केलं आणि काच पुसली. रोबो चालू.
सरांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तोंडातून निघून गेलं, व्हिजन अ‍ॅनालिटिक्स, सर. ऑनलाइन डिग्री करतोय ना. दत्तोबाला जोरात खोकला आला. पण बोलला नाही, मित्र आहे.
सर सगळ्यांसमोर म्हणाले, अशी माणसं पाहिजेत. घरी जाताना पेढे नेले. ज्ञान कधी वाया जात नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
नवी जबाबदारी मिळाली. शिफ्टच्या सुरुवातीला कॅमेऱ्याची देखभाल. वर्षाली म्हणाली, म्हणजे काच पुसायची ना? तिला टेक्निकल कळत नाही.
आज डबा पूर्ण खाल्ला. चौघांत आपण नक्की.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
अजिंक्य सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, इथे एकच रोबो आहे, त्याला कुणीही सांभाळेल. गुजरातला असलेच बारा बसलेत, आणि तिथे कॅमेऱ्यातलं कळणारं कुणीच नाही. मी वरपर्यंत तुमचंच नाव लावून धरलं. ज्योतीराम सर, तुम्हालाच जावं लागेल.
कंपनीत पहिल्यांदा कुणीतरी सर म्हटलं.
डबा तसाच परत आणला. वर्षालीने कारण विचारलं नाही. स्टूलवर चढली आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.