पेटाऱ्यातली टकटक

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा! दुपारी दादाचं तोंड पुसून झालं, पेटारा लावला आणि तो तापल्यावर आतून टकटक आली. पेटारा म्हणजे दादाचा गिटारचा अॅम्प्लिफायर, घरात त्याचं नाव पहिल्यापासून हेच. गिटार कपाटात आहे. वायरसुद्धा जोडलेली नाही. मग वाजलं काय?

वहिनी म्हणाली, “म्हातारा झालाय तो, वन्सं. आपल्यासारखाच. सांधे वाजतात.”

हसलो दोघी. पण मी बटण बंद केलं ते जरा घाईनंच.

उन्हाळ्यात झटका आल्यापासून दादा बोलत नाही, हलत नाही. नजर छताला. ओळखीचे आवाज कानांवर पडू देत, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, म्हणून मी पेटारा लावते. गाण्याला नव्हे, नुसत्या त्याच्या घुमण्याला. क्लबात वाजवायला बसण्याआधी तो असाच घुमायचा, आणि मी शाळेच्या गणवेशातच पुढच्या खुर्चीवर बसलेली असायचे. “तापू दे त्याला, ठमे. मग बोलू.” किती वर्षं झाली मला कुणी ठमे म्हणून!

५ नोव्हेंबर, बुधवार

दादाला कुशीवर वळवताना वहिनीची कंबर धरली. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, “बावीस तारखेला शुश्रूषागृहाची गाडी येतेय. सांगून टाकलंय मी.”

मी म्हटलं, मी करीन त्याचं सगळं.

“तुम्ही? तुम्हाला पाण्याची बादली उचलवत नाही!”

खरं आहे.

“आत कुणी उरलेलं नाही, हे डॉक्टरच म्हणाले ना? मग खोली ही काय अन् ती काय.” ताट घेऊन उठली. मग स्वयंपाकघरातला नळ कितीतरी वेळ नुसताच वाहत होता. मी आत गेले नाही.

दादा मुका झालाय, पण तो या घरात आहे. गाडी आली की तोही नाही. मला हे सहन होणार नाही—इथे लिहिते, तिला कसं सांगू?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटारा दुरुस्त करायला रेडिओवाले आले. दादाच्या बँडच्या वेळेपासूनचे. एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि बारीक बिघाड त्याच कानाला कळतो असा त्यांचा दावा.

“पोलिसांसारखं असतं हे, ताई. सगळ्यांवर संशय घ्यायचा, मग एकेकाला सोडून द्यायचं.” आवाजाचं बटण फिरवलं. खरखर कमी झाली, घुमणं तसंच राहिलं. जे कमी होतं त्याचा दोष बटणाच्या अलीकडे, जे होत नाही त्याचा पलीकडे. इतकं सोपं! बटणांत फवारा मारला, खरखर गेली. दोन सुकलेले कपॅसिटर बदलले, फाजील घुमणंही गेलं. जीवाला थोडं लागलं. त्या घुमण्यात दादा होता माझा.

“बघा, आता कसा गप झोपलाय!” ते हत्यारं गोळा करायला लागले.

टक. टक. टक. टक.

त्यांचा हात पिशवीतच राहिला. “हे माझ्या हिशेबातलं नाही,” म्हणाले. चहा न घेता गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एकदाही नाही. पांघरूण धुवायला टाकलं म्हणून दादाला नुसती शाल घातली होती. दिवसभर शांत. आणि मी मूर्खासारखी वाट बघत बसले.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेत सिस्टर सांगायच्या, भुतं नसतात, आत्मे असतात. फरक काय, ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वहिनी बाजारात गेली होती. मी पेटाऱ्यासमोर बसून मोठ्यानं म्हटलं, “कोण आहे?”

टक.

तोंडातून निघालं, “दादा?”

टकटक, टकटक, टकटक! दाराबाहेर कुणीतरी फार वेळ ताटकळत उभं असावं तसं.

धावत खाटेपाशी गेले. उजवा हात मी ठेवला होता तिथेच, पाचही बोटं निश्चल. उन्हाळ्यापासून आम्ही सगळे त्या हाताकडेच डोळे लावून बसलोय. ज्या हातानं जन्मभर तारा छेडल्या तो आधी जागा होणार, नाहीतर काय! हात हलला नाही. पाठीमागे टकटक चालूच.

म्हणजे दादा नाही. मग आपल्या घरात आहे कोण?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आत्ताच लिहून ठेवते.

रेडिओवाले आपणहून आले. झोप लागली नाही म्हणाले. पेटाऱ्याची पाठ उघडली आणि आतल्या काचेच्या नळ्यांवर पेन्सिलीनं हलकेच टिचक्या मारत गेले. एक नळी घंटेसारखी वाजली! “हा सापडला. हा व्हॉल्व्ह ढिला झालाय, ताई. माइकसारखं ऐकतोय. जमिनीतून हादरा आला की हा बोलणार. कुणी चालतंय का घरात?”

आम्ही तिघंही थिजून बसलो. वहिनीनं तर पाय खुर्चीवर घेतले.

टक. टक.

“याच खोलीत आहे,” ते हळूच म्हणाले. लाकडी जमिनीवर तळवे टेकून ते रांगत निघाले. पण वहिनी त्यांच्या आधी उठली. खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग घट्ट खोचलेलं पांघरूण उचकटलं.

डाव्या पायाचा अंगठा. पांघरुणाच्या ताणानं दांडीला टेकून राहिलेला. कानाला ऐकू येणार नाही इतका हळू, पण हलतोय!

सुरुवातीला डॉक्टरांनी त्या पायाला टाचणी टोचून पाहिली होती. पुन्हा कुणी टोचलीच नाही.

वहिनीनं तो पाय दोन्ही हातांनी धरला. “पायानं ताल धरायचे हे. लग्नाच्या दिवशीसुद्धा थांबत नव्हता मेला पाय! आणि मी रोज तेच पाय पुसतेय, वन्सं. रोज!”

रेडिओवाल्यांनी नवा व्हॉल्व्ह खिशातून काढला होता. मी म्हटलं, खबरदार. जुनाच राहू द्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले.

एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं ठरवलंय. तहान लागली? हो. दिवा मालवू? नाही. वहिनीनं सगळ्यांना बाहेर काढून काहीतरी विचारलं. दार लोटलेलं होतं, पण पेटारा थोडाच कुजबुजतो! एक टक मला स्वच्छ ऐकू आली. बाहेर आली ती डोळे सुजलेली. “सगळं ऐकत होते हो हे. मी जे जे बोलले ते सगळं.”

संध्याकाळी तिनेच फोन करून गाडी नको म्हणून कळवलं. मला म्हणाली, कंबरेचं बघू काहीतरी.

आता कुणाची बिशाद आहे दादाला इथून हलवायची!

१६ नोव्हेंबर, रविवार

वहिनी अंघोळीला गेली होती. मी सहज, लाडानं विचारलं, “दादा, आता इथेच राहायचं ना आमच्याजवळ?”

टक. टक.

त्याला नीट कळलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. अगदी सावकाश.

टक. टक.

मी पेटारा बंद केला. अंगठा हलतच होता. मग त्यावर पांघरूण घातलं.