आत्या, तू धुतलेले स्फटिक

नगर, उन्हाळा १९७३

प्रिय आत्या,

परवा तुझं तेरावं झालं, आणि आज माझ्या प्रबंधाच्या पुण्याच्या सरांनी तू धुतलेले स्फटिक फेकून द्यायला सांगितलं. मग लिहू कुणाला? बाबा ऐकायला बसतात, पण पेंगतात. "फुडं काय झालं गं?" म्हणून मागं लागणारी तूच एकटी.

आपल्या माळवदावर एका कडेला तुझ्या कुरडया, दुसऱ्या कडेला माझी काच, वर ॲसिडचे मिठासारखे पांढरे स्फटिक पसरलेली. "ह्ये तळायचं कसं?" असं विचारून शेजारणींना हसवायचीस! तळायचं नव्हतं गं, नुसतं उन्हात ठेवायचं होतं. स्फटिकात रेणू पंगतीला बसल्यासारखे ठरल्या जागी बसतात. ऊन पडलं की शेजारी जो असेल त्याच्याशीच जोडले जातात. शेजार बदलला की तयार होणारा पदार्थही बदलतो.

आणि तो शेजार तू बदललास, बाई! वावटळीनं काचेवर माती बसली. मी कॉलेजात. तू माझं सगळं ॲसिड पातेलंभर उकळत्या पाण्यात टाकलंस. ते विरघळलं! मग गव्हाचा चीक गाळतेस तसं फडक्यानं गाळलंस, गार केलंस, आणि खाली बसलेला पांढरा चुरा पुन्हा उन्हात पसरलास.

मी घर डोक्यावर घेतलं. तू थोडीच ऐकून घेणार! "लई माती हुती त्यात. सरांना माती खाऊ घालनार व्हय?" हसावं की रडावं!

पण त्या चुऱ्यापासून उन्हात भलतंच काहीतरी तयार झालं. ॲसिड तेच, ऊन तेच! मी अल्कोहोलमधून सावकाश वाढवलेल्या स्फटिकांत एक पंगत, तुझ्या पाण्यातून झटपट निघालेल्यांत दुसरी, असं मला वाटतं. सर म्हणाले, "घाण मिसळली असेल. हे प्रबंधात नको." मी म्हटलं, "नाही सर." आयुष्यात पहिल्यांदा! त्यांनी महिनाभराची मुदत दिलीय. सिद्ध झालं नाही, तर हे काम बंद.

एवढी कसली घाई होती तुला जायची? वेगळं निघाल्याचं कळलं तेव्हा तू नव्हतीस. माझं ओरडणं तेवढं ऐकून गेलीस. फार वाईट वाटतं, आत्या.

आता रडत बसणार नाही. ढगाचं नाव नाही, सगळा जिल्हा पाण्यासाठी तळमळतोय, पण माझ्या कामाला हवं ते ऊन आहे. उद्यापासून दोन काचा मांडते, एक माझ्या रीतीची, एक तुझ्या. ॲसिड शुद्ध, मातीचा कण नाही. वेगळं निघालं नाही तर का नाही, ते शोधीन. आणि निघालं, तर सरांना तोंडावर सांगेन, ती घाण नव्हती, माझी आत्या होती. शब्द देते.

तुझी भांडखोर,
सुमन