बॅग खाली न ठेवणारा हिरो

रविवार, संध्याकाळ

लिहायचं रोज टाळलं. लिहिलं की ठरवावं लागतं. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात मामीकडे दोन दिवसांसाठी आलो होतो, महिना झाला. उद्या परत सुरतेला निघायचंय, आणि शेजारच्या रेश्माला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी टीव्हीवर जुना खुनाचा सिनेमा लागला. खून राहिला बाजूला, पोलिसांपासून पळणारा हिरो हिरॉइनसमोर नुसता गात होता, हातात बॅग. रेश्मा म्हणाली, "गानी म्हनतो, पन बॅग काय खाली ठेवत नाय." टीव्हीसमोर जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. ती माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या. बायका टोपल्या घेऊन मासळीच्या लिलावाला उठल्या. मामीने हा सिनेमा कितीदा अर्धाच पाहिलाय.

"खुनी कोण, मामी?" मी विचारलं.

"त्याचा काय करायचा? ती पोर थांबते का, ते बघून ठेव."

एकट्यानेच शेवट पाहिला. हिरो निर्दोष सुटला, ती थांबली होती. त्याने बॅग खाली ठेवली का, ते दाखवलंच नाही.

रेश्मा थांब म्हणणार नाही. मला थांबायचंय का? वाटतं, हो. मग तिला तसं सांगत का नाही?

दारात कोणीतरी आलंय. रेश्माचे बाबा! स्वतःच्या मासळीचा लिलाव अर्धा टाकून आलेत. म्हणतायत, "जरा भाहेर ये. तुझ्याशीच बोलायचाय."