मधल्या बोल्टापासून

मांजरसुंबा, १४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. संगमेशदादास, शिवानीचा शि. सा. शरणार्थ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. शिरूर कासारचे आप्पाराव ऊसतोडीची टोळी घेऊन निघाले आणि ट्रॅक्टर घाटात बंद पडला. टोळीतली छबुबाई तान्ह्या लेकराला घेऊन दिवसभर उन्हात बसली. इंजिनाच्या हेडखालचं गॅसकेट उडालं होतं. पाणी उतरून ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. आप्पाराव गॅरेजवर येऊन आपल्या अण्णांना म्हणाले, पोरीच्या हाताला जोर न्हाई, तुमी कावून तिला इंजिन देता?

मी हेड उघडलं. एका टोकाचे बोल्ट जाम, दुसऱ्या टोकाचे सैल. दिवाळीत हेच हेड मी बसवत होते, पाडव्याला पालीला आत्याकडे जाताना बोल्ट नुसते हाताने लावून गेले होते. आले तर आवळलेले. अण्णांनी आवळले असतील असं धरलं, तपासलं नाही. ती चूक माझी. पण अण्णांचा हात आता थरथरतो, ते पान्याला शिवलेही नाहीत. दादा, घरात तूच होतास.

रागाने का होईना, दोन ओळी लिही.

तुझी शिवानी

चाकण, १९ नोव्हेंबर

चि. शिवानीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

होय, मीच. मधल्या बोल्टापासून सुरू करून आळीपाळीने बाहेर जायचं, तीन फेऱ्यांत थोडंथोडं आवळायचं, हे मला ठाऊक आहे. तरी एका टोकापासून आवळत गेलो. विसरलो नव्हतो. तुझं काम बिघडून परत यावं असं वाटत होतं.

दहा वर्षं मी अण्णांकडे डिझेलमध्ये पार्ट धुतले, पाना कधी हातात आला न्हाई. मी कंपनीत गेलो आणि तुला त्यांनी सगळं शिकवलं. दिवाळीत गिऱ्हाईक आलं, मी पुढं झालो, तर म्हणालं, तुमी ऱ्हाऊ द्या, ताईंना बोलवा. अण्णा हसले. लई जळलो गं. इथं पाळीभर एकच बोल्ट बसवतो, तोही मशीनने.

छबुबाईचं वाचलं आणि ताट सारून उठलो. आज आप्पारावांना फोन करून माझं नाव सांगितलं. अण्णांना सांगायचं धाडस झालं नाही.

माया उरली असेल तेवढी राहू दे.

संगमेश

मांजरसुंबा, २५ नोव्हेंबर

ती. स्व. दादास, शि. सा. शरणार्थ.

आप्पारावांनी गॅरेजवर सगळ्यांदेखत खरं सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. अण्णांनीही ते ऐकलं. काल जेवताना म्हणाले, त्याच्या हातात पाना द्यायला पाहिजे होता.

मी अजून माफ केलेलं नाही. पण तुला आयटीआयला पाठवलं तेव्हा मीही जळत होते. तुझ्या वह्या चोरून वाचायचे. ते आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे.

आप्पारावांचं इंजिन मी नीट करून दिलं. आता दुसऱ्या एका ट्रॅक्टरचं हेड उघडं पडलंय. रविवारी ये. आधी साखर कारखान्यावर जाऊन छबुबाईला भेटू, मग काम. बोल्टचा क्रम मी सांगीन, तू आवळायचं. मी सांगायच्या आधी पाना फिरवलास तर याद राख.

वाट बघते.

शिवानी