शिकवण्याचं समाधान

लोहारा, यवतमाळ
४ नोव्हेंबर २०२५

ती. कौसल्या आत्यास, उर्वशीचा सप्रेम जय भीम.

फोनवर मी फक्त हो-नाही म्हणते ही तुझी तक्रार रास्त आहे, म्हणून हा कागद. इथल्या खाजगी मेडिकल कॉलेजात भूलशास्त्र शिकवायला लागून चार वर्षं झाली. कायम प्राध्यापकांचंच काम आम्ही सहा कंत्राटी डॉक्टर निम्म्या पगारात करतो. माझी विद्यार्थिनी मोनाली आता एका दवाखान्यात माझ्या दुप्पट कमावते. भेटली की वाकून नमस्कार करते आणि चहाचे पैसे देते.

डीन सरांकडे समान वेतन मागितलं. ते म्हणाले, शिकवण्याचं समाधानही पगारातच धरायचं असतं. त्यावर प्राप्तिकर किती, असं मी विचारलं. त्यांनी पंखा वाढवला.

नागपूरचं एक रुग्णालय तिप्पट देतंय, पण तिथे शिकवणं नाही. मला शिकवायचं आहे. नव्या करारात समान वेतन आलं, तर राहीन.

लोभ आहेच, त्यात कपात नको.
तुझी उर्वशी


घाटंजी
९ नोव्हेंबर

चि. उर्वशी, जय भीम आन् पोटभर आशीर्वाद.

बाजारात धनीबाईले सांगतलं का माही भाची डॉक्टरायले शिकवते. थे म्हने, मंग पगार बी त्यायच्यापेक्षा मोठा असन. म्या मान हलवली. या वयात तू मले खोटं बोलाले लावलं! डीनले समाधान एवढं गोड लागते, तं त्यानं सोताचा अर्धा पगार समाधानात घ्यावा.

पन तू एकटीच कायले भांडून राह्यली? बाकीचे पाच मुके हायत का? आम्ही अंगणवाडीवाल्या मोर्च्याले गेलतो, तं एकजात गेलतो.

जेवत जाय. माया हाय, तशीच ठेवजो.
तुही आत्या कौसल्या


लोहारा
२१ नोव्हेंबर

ती. आत्यास जय भीम.

नोकरी सलग दिसू नये म्हणून संस्था दर चार महिन्यांनी आम्हाला एक दिवस काढून टाकते आणि दुसऱ्या दिवशी नवा करार देते. या वेळी तो दिवस मंगळवारी आला. शिक्षक मोजणारं तपासणी पथकही मंगळवारीच आलं, पंधरा दिवस आधी कळवून. दोन्ही कागद ऑफिसच्या एकाच कपाटात होते. कुणी तारखा जुळवून पाहिल्या नाहीत.

डीन सरांनी आम्हा सहाही जणांना पांढरे कोट घालून बोलावलं आणि पूर्णवेळ शिक्षक म्हणून सही करायला सांगितलं. पाच जणांनी केली. मी लिहिलं, आज नोकरीत नाही. पथकातल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि आणखी कोण कोण नाही असं विचारलं. सगळे कोपऱ्यातला सांगाडा बघू लागले. मग बाईंनी सहाही करार मागवले.

कॉलेजच्या प्रवेशाच्या जागा कमी होतील या धास्तीने बुधवारी पाच जणांना समान वेतनावर कायम नेमणुकीचे आदेश मिळाले. माझा करार संपला तो संपलाच. पाचही जण आभार मानायला आले, एकेकटे, दार लोटून घेऊन.

सोमवारी नागपूरला रुजू होते. आज टेबल रिकामं करताना विद्यार्थी आले आणि पुढचा तास कधी, असं विचारू लागले. मी पुस्तकातलं पान सांगितलं.

नवा पत्ता कळवते. माया तिकडे वळती कर.
तुझी उर्वशी