झाकणाखालचा समुद्र

माय, परवा आमच्या समुद्रावरचं झाकण काढलं. खऱ्या समुद्राचं नव्हे, कॉम्प्युटरमधल्या; ज्याच्यावर माझं पोट चालतं त्या. बाळापूरच्या बाजारात कुणी माझ्या कामाबद्दल फार खोलात शिरलं, की तू "तिलाच इचारा" म्हणून मोकळी व्हायचीस. तुला मी कधी नीट सांगितलंच नाही, आता सांगते. समुद्राच्या पृष्ठभागावर लाटा फार वेगानं पळतात, खालचे प्रवाह मात्र संथ. त्या पळणाऱ्या लाटा पकडायच्या तर गणिताची पावलं इतकी बारीक टाकावी लागतात, की वर्षभराचा समुद्र मोजता मोजता मशीन मेटाकुटीला येतं. म्हणून जुन्या लोकांनी युक्ती काढली. पाण्यावर सपाट, घट्ट झाकण आहे असंच धरून चालायचं. पाणी वर येणार नाही, खाली जाणार नाही. आमचं जुनं मॉडेलही तसलंच. खोल पाण्याचं सगळं ठीक चालायचं, पण भरती-ओहोटीचं नाव नाही. आता पृष्ठभाग मोकळा सोडलाय. त्याची घाईची चाल छोट्या पावलांनी वेगळी मोजायची, खालची संथ चाल मोठ्या पावलांनी, आणि मग दोन्हींचा मेळ घालायचा. परवा पडद्यावर किनाऱ्याजवळचं पाणी पहिल्यांदा चढलं आणि उतरलं. सगळ्यांनी चहा मागवला. मला मात्र तू दिसत होतीस, बसस्टँडवर उभी असलेली.

बाबा गेल्यावर घरात आपण दोघीच. मी गोव्याला नोकरीला गेले की तू एकटी पडणार, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. निघायच्या दिवसाची सकाळ आहे, तू चुलीपुढे भाकरी थापतेस, माझ्याकडे बघत नाहीस. मला रडू फुटलं तर म्हणतेस, "काहून रडून राहिली? नोकरीला चालली का फासावर?" मला फक्त एवढंच हवं होतं, की तू एकदा तरी "नको जाऊ" म्हणावंस. स्टँडवर शेजारची काकू डोळ्याला पदर लावून उभी, आणि तू लोणच्याच्या डब्याचं झाकण तळहातानं दाबत राहिलेली. गाडी लागली तरी दाबतच होतीस. "तेल सांडंल. आडवा धरू नको," एवढंच बोललीस. काकूला राहवलं नाही. "काय बाई दगडाचं काळीज हाय तुझं!" "असू दे," तू म्हणालीस. गाडी हलली तेव्हा तू हात वर केलास. तळहातावर झाकणाच्या काठाचा लाल गोल उमटला होता. मला तो दिसला, पण मी रागात होते. तोंड फिरवलं.

त्या जुन्या मॉडेलची एक गोष्ट सांगायची राहिली. वर झाकण असलं तरी पाणी कुठे उसळू बघतंय ते कळायचं. तिथे झाकणाला खालून जास्त दाब लागायचा. तो दाब पाहिला की झाकण नसतं तर पाणी किती चढलं असतं, ते सांगता यायचं. हे मी कित्येक वर्षं वर्गात न अडखळता शिकवते आहे. परवा मात्र तुझा तळहात डोळ्यांपुढे आला आणि चहा तसाच टाकून मी बाहेर गेले. फार आठवण आली, माय.

आता तूच नाहीस, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? इथेच राहील. पण एक सांगून टाकते. गोव्यात पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पिशवी भरली, चपला घातल्या आणि काकूच्या घरी फोन लावला. तू "ये" म्हणाली असतीस तर पुढच्या गाडीनं निघालेच असते. तू धापा टाकत आलीस आणि विचारलंस, "जेवली का?" मी म्हटलं, "व्हय."

जेवले नव्हते, माय. फोन ठेवून पिशवीतून तुझा डबा काढला. झाकण काही केल्या निघेना.