उस्तादच्या मागावर

३ ऑक्टोबर, सकाळी ८
आजपासून पूर्णवेळ. प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानाला रामराम. ताईच्या स्वयंपाकघरातलं टेबल हेच ऑफिस. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तेवीस वर्षं मासेमारीची बोट चालवताहेत. सगळं अंदाजपंचे. आता उपग्रह सांगेल मासे कुठे आहेत ते. गार आणि कोमट पाणी जिथे भेटतं, पाणी जिथे हिरवट दिसतं, तिथे मासळी. सोपं आहे. ताईने महिन्याची मुदत दिलीय. मला आठवडा पुरे.

५ ऑक्टोबर
पहिला पॉइंट दिला. चाळीस मैल आत, वायव्येला. नकाशावर नुसतं हिरवंगार. भाऊजींनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, गेले.

७ ऑक्टोबर
परत आले. दोन टोपल्या, त्यातली एक जेलीफिशची. सहाही खलाशी माझ्याकडे न बघता जाळं धूत होते. कारण शोधलं. आकाशात ढग होते, त्यामुळे नकाशा आठ दिवसांचा शिळा. चूक ढगांची. भाऊजींना स्पष्टच सांगितलं. ते म्हणाले, बरं.
संकल्प: रोज सहाला उठून ताजा नकाशा बघणे.

८ ऑक्टोबर, सकाळी १०.३०
उठलो.

११ ऑक्टोबर
नवा पॉइंट, पुन्हा वायव्येला. बोट तुडुंब भरून आली. भाऊजी फार काही बोलले नाहीत. मोठ्या माणसांना कौतुक करताना अवघडतं.

१५ ऑक्टोबर
तिसरा पॉइंट. पुन्हा तुडुंब. ऑफिसला फिरती खुर्ची हवी, असं ताईला सुचवलं. ती म्हणाली, आधी टेबलावरचे पाय काढ.

१७ ऑक्टोबर
स्पर्धक सापडला. ट्रॅकिंगच्या ॲपवर सगळ्या बोटी टिंबांसारख्या दिसतात. आपली दिसत नाही, बोटीवरचं यंत्र बिघडलं असावं. पण एक टिंब भलतंच हुशार. थेट दक्षिणेला जातं, वेग कमी करतं, म्हणजे जाळं टाकतं, आणि गुपचूप परत. माझ्या पॉइंटपेक्षा अगदी वेगळ्या दिशेला! त्याचं नाव ठेवलं उस्ताद.

१९ ऑक्टोबर
भाऊजींना म्हणालो, आता या उस्तादचा माग काढायचा. तो कुठे जातो ते दाखवलं. त्यांनी वाकून स्क्रीन बघितली. मग त्यांना जोराचा खोकला आला. म्हणाले, जातो तिकडे. घसा सांभाळायला हवा त्यांनी.

२१ ऑक्टोबर
फोनवर विचारलं, उस्ताद दिसतोय का, ॲपवर तर अगदी तिथेच आहे. म्हणाले, इथे आमच्याशिवाय कोणी नाही. धूर्त आहे हा उस्ताद. पण बोट भरली. डोकं माझं!

२३ ऑक्टोबर
ताई टेबल पुसायला आली. स्क्रीन बघून म्हणाली, आपली बोट आज लवकर निघालेली दिसते. मी म्हणालो, ती आपली नव्हे, तो उस्ताद. ती म्हणाली, नंबर आपलाच आहे. बोट जुनी घेतली, तेव्हा यंत्रातलं नाव बदलायचं राहिलं. मी बोटीचा कागद मागितला. तिने आणला. नंबर दोनदा ताडून बघितला.
म्हणजे पहिल्या खेपेनंतर भाऊजी माझ्या एकाही पॉइंटवर गेलेले नाहीत.
जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

२४ ऑक्टोबर
भाऊजींना जाब विचारला. ते खाली बघत म्हणाले, “तुझं मन मोडवेना, आणि सहा घरांची चूल माझ्या बोटीवर. रिकाम्या हाताने किती वेळा येणार?” मी ॲप बंद केलं. ताईने टेबल परत घेतलं. भाऊजी म्हणाले, उद्या बोटीवर चल.

२५ ऑक्टोबर, बोटीवर
लाटा आहेत. अक्षर वाईट. भाऊजी बादलीने समुद्राचं पाणी ओढतात, हात घालून गार की कोमट ते बघतात. रंग हिरवट झाला की वेग कमी करतात. लांबच्या बोटी कुठे रेंगाळताहेत त्यावर नजर ठेवतात. म्हणजे पद्धत संपूर्ण माझीच! तसं त्यांना सांगितलं.
म्हणाले, “असेल. आधी बादली दे, पाणी बघायचंय.”
बादलीत माझं डोकं होतं, देण्याच्या स्थितीत नव्हतो.